चिंचवडमधले दोन च

माझी नजर एका दिवसात गेली नाही. लहानपणापासून दिवस मावळला की मला कमी दिसायचं. आमच्या लातूरकडच्या गावात त्याला रातांधळेपणा म्हणत आणि सोडून देत. नोकरीसाठी चाकणला आलो तेव्हा दिवसाचं चांगलं दिसत होतं. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो. काम तपासणीचं. मायक्रोमीटरच्या दोन जबड्यांत भाग धरायचा, रेघ बघायची, आकडा लिहायचा. केसाच्या जाडीहून कमी फरक मला पकडता यायचा आणि त्याचा मला अभिमान होता.

पस्तिशी उलटल्यावर नजर दोन्ही बाजूंनी आक्रसत आली. पाइपातून बघावं तसं दिसायला लागलं. पण पाइपातून का होईना, मायक्रोमीटरवरची रेघ दिसत होती, म्हणून मी कुणालाही, अगदी बायकोलाही, काही बोललो नाही. बाजूनं येणाऱ्या ट्रॉलीवर आपटलो की पोरं म्हणायची, "राव, डोळे गावाकडं ठेवून आलात का?" तीही हसायची, मीही हसायचो.

मग एका सकाळी पहिल्या शिफ्टला रेघच दिसेना. भाग फिरवून पाहिला, दिवा जवळ ओढला, तरी दिसेना. मी अंदाजानं आकडा लिहिला. सोळा वर्षांत मी एकही आकडा अंदाजानं लिहिला नव्हता. उठलो आणि भिंतीला हात लावत सुपरवायझरकडे गेलो.

"मला दिसत नाही," मी म्हणालो.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल, राव. अर्धा दिवस घ्या, बदलून या."

"नंबर नाही. दिसतच नाही. सकाळपासून मी तपासलेली पेटी परत तपासायला सांगा."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी आणून दिलं आणि पेटी परत तपासायला पाठवली. तिच्यात दोन भाग नापास निघाले. ते त्यांनी मला सांगितलं नाही, मी विचारून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, यावर औषध नाही. कंपनीनं सहा महिन्यांची रजा दिली. तिथल्या अधिकारी बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डोळ्यांशिवाय जमेल असं कोणतं काम तुम्हाला देता येईल, ते आम्ही बघतो. तुम्हीही बघा." मला तर काहीच दिसत नव्हतं, बघायचं काय?

तळवड्यात दुसऱ्या मजल्यावर आमची खोली आहे. बायको जवळच्याच एका युनिटमध्ये पॅकिंगला जाते. ती सकाळी सहाला गेली की मी आणि पंखा. खाली घरमालक राहतात, इथल्या जुन्या शेतकरी घरातले. सगळे त्यांना आबा म्हणतात. ते दुपारी वर येऊन बसायचे, तंबाखू मळायचे, काही न बोलता परत जायचे. त्यांचं ते न बोलणं मला बरं वाटायचं.

बायकोनं मात्र हात टेकले नाहीत. बँकेत गेली असताना तिला काउंटरवर एक अंध बाई काम करताना दिसल्या. रांग सोडून ती तिथंच उभी राहिली आणि त्यांना विचारलं, "तुम्ही हे कसं करता?" त्या बाई दर रविवारी पिंपरीतल्या एका शाळेच्या वर्गात अंधांना कॉम्प्युटर शिकवायच्या. पुढच्या रविवारी बायकोनं मला रिक्षात घातलं.

"टाइप येतं?" मॅडमनी विचारलं.

"रिपोर्ट भरायचो. दोन बोटांनी."

"मग आठ बोटं शिकवायची राहिली. बसा."

त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि तो बोलायला लागला. इतका भरभर, की मला एक शब्द कळेना. पडद्यावर जे काही असेल ते वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर. मॅडमना त्या वेगाची सवय होती. माझ्यासाठी त्यांनी तो इतका कमी केला की वर्गातले सगळे हसले.

"कुठल्या कंपनीचं आहे?" मी विचारलं. सोळा वर्षांची सवय, कुठलीही वस्तू हातात आली की आधी बनवणारा विचारायचा.

"कंपनीचं नाही. विकतचंही एक मिळतं, पण हे लोकांनी मिळून केलंय. कुठल्या कुठल्या देशांतले लोक, काही अंध, काही डोळस. आपापल्या नोकऱ्या सांभाळून करतात आणि सगळ्यांना देऊन टाकतात. आत काय लिहिलंय तेसुद्धा उघडं ठेवतात. कुणीही बघावं, सुधारावं, पुढं द्यावं."

"का करतात?"

"ते त्यांनाच विचारा एकदा," मॅडम म्हणाल्या आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला.

मेव्हण्याचा जुना लॅपटॉप होता, त्यात ते घातलं. दोन महिने मी दुसरं काही केलं नाही. बटणं पाठ केली. आकड्यांचे तक्ते उघडायला शिकलो. एका रकान्यातून दुसऱ्यात कसं जायचं, चुकलेला आकडा कसा गाठायचा, ते शिकलो. आकडे इंग्रजीत असायचे आणि इंग्रजी आवाज छान होता. जो माणूस उठून पाण्याचा माठ शोधताना दोनदा धडपडायचा, तो बाराशे ओळींच्या तक्त्यात नेमक्या ओळीवर जाऊन उभा राहायला लागला. त्या दिवसांतलं सुख मला नीट सांगता येत नाही. आपल्याला अजून कुठंतरी धडपणे चालता येतं, एवढंच ते सुख.

मग मी मराठी बातम्या वाचायला घेतल्या, आणि माझं डोकं फिरलं.

तो आवाज मराठी वाचायचा, पण एखाद्या परक्यासारखा. चाकणला म्हणायचा च्याकण. चुलीला च्यूल. चमच्याला च्यम्च्या. आपण च हे एकच अक्षर दोन तऱ्हांनी म्हणतो. 'चिमटा' म्हणताना जीभ टाळूला लागते आणि 'चूल' म्हणताना दातांच्या मागं. 'चिंचवड' या एका शब्दात तर दोन्ही च आहेत, पहिला टाळूचा, दुसरा दातांचा. त्या आवाजाला एकच येत होता. ज आणि झ चंही तसंच. भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "अहो, हा कुठला पाहुणा आणून बसवलाय घरात?" ती हसत होती. मला मात्र अपमान वाटला. इंग्रजीसाठी एवढी मेहनत आणि आमच्या भाषेला ही वागणूक!

मॅडमनी सांगितलं होतं की बोलणारा आवाज वेगळ्या लोकांनी केलाय आणि त्यांना पत्र लिहिता येतं. मी पत्ता मिळवला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. कंपनीत असताना खराब माल आला की पुरवठादाराला पत्र जायचं, त्याची भाषा मला पाठ होती. तीच वापरली. तुमच्या आवाजात गंभीर दोष आहे. मराठीची थट्टा चालली आहे. येत नसेल तर काम हातात घेऊ नये. आठ दिवसांत दुरुस्त करून कळवावे.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्याच आवाजानं मला ते वाचून दाखवलं. लिहिणारा दूरच्या कुठल्यातरी देशातला माणूस होता. त्यानं लिहिलं होतं:

"पत्राबद्दल आभार. मराठी वापरणाऱ्या कुणाचं तरी पत्र फार दिवसांनी आलं, त्यामुळे आनंद झाला. मला मराठी येत नाही. आत्ताचे नियम मी व्याकरणाची पुस्तकं वाचून आणि दोघा-तिघांना विचारून लिहिले आहेत. मी एका शाळेत नोकरी करतो आणि हे काम सुट्टीत करतो. तुम्ही म्हणता ते खरं असणार. पण कोणत्या शब्दात कोणता च, हे मला कसं ओळखता येईल? तुम्ही मदत कराल का?"

मी ते तीनदा ऐकलं. ज्या माणसाला माझी भाषा येत नाही, ज्यानं मला कधी पाहिलं नाही, त्यानं आपल्या सुट्ट्या घालवून माझ्यासारख्यांना वाचता यावं म्हणून पुस्तकं धुंडाळली होती. आणि त्याला मी आठ दिवसांची मुदत दिली होती.

रविवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पुरवठादार समजलात तुम्ही त्याला. सगळ्यांचं तसंच होतं. पण भाऊ, इथं गिऱ्हाईक कुणीच नसतं. मी हा वर्ग घेते ना, ती समाजसेवा नाही. हे सॉफ्टवेअर नसतं तर मी बँकेत फोन उचलत राहिले असते. त्या लोकांना परत काय द्यायचं? मला प्रोग्रॅमिंग येत नाही. शिकवता येतं, म्हणून शिकवते."

"मला तर तेही येत नाही."

"तुम्हाला तपासता येतं," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी उत्तर लिहिलं. आधी माफी मागितली, मग म्हटलं, मदत करतो. आणि करायला बसलो तेव्हा कळलं की मला काहीच येत नाही. चव्वेचाळीस वर्षं मराठी बोलतोय, पण कोणता च कुठं आणि का, हे कुणी विचारलं तर सांगता येईना. शब्द तोंडातून आपोआप यायचे. आता प्रत्येक शब्द मायक्रोमीटरमध्ये धरल्यासारखा धरायचा आणि जीभ कुठं लागते ते बघायचं.

कामावरून आली की बायको माझ्यासमोर बसायची. ती स्वयंपाकघरातून शब्द आणायची: चूल, चाळणी, चमचा, चिमटा, जातं, झारा. मी वर्कशॉपमधून आणायचो: चाक, चूक, चाचणी, जोडणी. आबा दारात बसून ऐकायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना.

"मशीनीला मराठी शिकिवताय व्हय?"

"हो आबा. त्याला च येत नाही."

"आन् तुमास्नी येतो?" ते म्हणाले आणि आत येऊन बसले.

शब्दांच्या बाबतीत आबा म्हणजे खाण निघाले. चारा, चाबूक, जनावर, जोंधळा. एकदा म्हणाले, "गुरं चरत्यात तवा च दाताचा. देवाचं चरण म्हटलं की च टाळूचा. अक्षरं तीच हायत, पर देवाला दात लावायचं न्हाईत." हे पुस्तकात कुठं असेल ते असो, मला ते आबांनी सांगितलं. देवाचे शब्द म्हणजे संस्कृतातून आलेले, त्यांचा च टाळूचा.

दुसरा नियम बायकोनं शोधला. ती स्वतःशीच पुटपुटत होती, "घरचा, घरची, घरचे. घरचा, घरची..." मग एकदम ओरडली, "अहो, ऐका! घरचा म्हणताना दात, घरची म्हणताना टाळू. इकार-एकार आला की जीभ मागं जाते!" तिनं भराभर म्हणून बघितलं. माझा, माझी. पाच, पाची. सगळीकडं बसत होतं. दहावीला मराठीत काठावर पास झालेली बाई ती, त्या संध्याकाळी तिचा आवाजच बदलला होता.

भांडणंही झाली. 'जास्त'वरून आबांचं आणि माझं चांगलंच जुंपलं. आमच्याकडं ज्यास्ती म्हणतात. आबा म्हणायचे, "आमी असं न्हाई बोलत. कुनीच न्हाई बोलत." मी तो शब्द यादीत वेगळा ठेवला आणि शेजारी लिहिलं की लोक दोन्ही तऱ्हांनी म्हणतात. दीड महिन्यात सव्वासहाशे शब्द झाले. त्यांच्या आधी हे दोन नियम, आणि नियमात न बसणारे 'चार', 'चहा' असे हट्टी शब्द शेवटी. मॅडमनी माझं इंग्रजी सरळ करून दिलं आणि आम्ही ती यादी पाठवली.

त्या माणसाचं उत्तर आलं ते फक्त आनंदाचं होतं. त्यानं विचारलं होतं की हा घरचा-घरची नियम कुणाच्या लक्षात आला, त्यांचं नाव कामाच्या नोंदीत लिहायचं आहे. बायको म्हणाली, "माझं कशाला?" आणि मग दिवसभर तेच बोलत राहिली.

पंधरा दिवसांनी त्यानं तपासायला नवा आवाज पाठवला. चाकण बरोबर आलं. चूल बरोबर आली. मी खूश होऊन बातमी उघडली, तर आवाज म्हणाला, 'त्संद्र'. आकाशातल्या चंद्राला त्यानं दात लावले होते. 'चरण'ही बिघडलं होतं. माझ्या तोंडात पहिल्या पत्राची भाषा येता येता राहिली. मी थांबलो आणि कंपनीत जशी नोंद करायचो तशी केली: शब्द कोणता, ऐकू काय आलं, यायला काय हवं होतं, आवाजाची आवृत्ती कोणती, आणि कोणते पाच शब्द आता बरोबर आले. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिलं. नापास माल सगळे कळवतात, पास झालेला कुणी कळवत नाही.

त्यानं लिहिलं, "इतकी स्वच्छ तक्रार मला वर्षात आली नसेल. कुठं चुकलं ते दहा मिनिटांत सापडलं."

गेलेल्या डोळ्यांबरोबर माझी विद्याही गेली असं मी धरून चाललो होतो. ती गेली नव्हती.

असं सहा वेळा झालं. तो दुरुस्त करायचा, मी तपासायचो, आबा कान देऊन ऐकायचे. सहाव्या वेळी बायको लसूण सोलत होती. आवाज म्हणाला, 'चिंचवड', दोन्ही च जिथल्या तिथं. तिचा हात थांबला. तिनं खाली हाक मारून आबांना बोलावलं. आबांनी एकेक शब्द सांगायला सुरुवात केली, मी टाइप करायचो, आवाज म्हणायचा. चारा. चाबूक. जोंधळा. देवाचे चरण. दहा-बारा शब्द झाल्यावर आबा म्हणाले, "व्हय. आता हे आपलं मानूस हाय."

रजा संपत आली तेव्हा मी कंपनीत गेलो आणि म्हणालो, मला काम सापडलंय. गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या तक्रारींचे तक्ते, पुरवठादारांचे तपासणीचे आकडे, त्यांची पत्रं, हे सगळं मी वाचू शकतो, भरू शकतो, फोनवर बोलू शकतो. भाग हातात घेऊन चूक कशामुळं झाली असेल ते सांगू शकतो. अधिकारी बाई तयार झाल्या. अडवलं ते कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी.

"फुकटचं सॉफ्टवेअर कंपनीच्या मशीनवर चालणार नाही," ते म्हणाले. "कुणी बनवलंय, आत काय आहे, कसं कळणार?"

"उघडून बघा, सर. आत काय आहे ते सगळं उघडं ठेवलेलं असतं."

ते माणूस म्हणून सरळ होते. त्यांनी आठवडाभर खरंच बघितलं. परत बोलावलं तेव्हा त्यांचा सूर बदलला होता. "व्यवस्थित काम आहे," ते म्हणाले. आणि पुढं म्हणाले, "खरं सांगू का, आपला सर्व्हरसुद्धा असल्याच लोकांनी केलेल्या गोष्टींवर चालतो. मशीनचा डेटा गोळा करणारा प्रोग्रॅमही. रोज वापरतो, पण तसा विचार कधी केला नव्हता."

"त्यांना कधी काही कळवलंत का, सर?"

"कुणाला?"

"ज्यांनी केलं त्यांना. काही बिघडलं, काही चांगलं चाललं, असं काही."

ते हसले. "बिघडलं की आम्ही इंटरनेटवर शिव्या वाचतो आणि आमच्याही दोन घालतो."

मी म्हटलं, "मीही तसंच सुरू केलं होतं."

मी कामावर परत गेलो. कंपनीच्या बसमध्ये एक जण हात धरून बसवतो, उतरताना दुसरा धरतो. कानात इयरफोनचं बटण घालून मी दिवसभर तक्ते वाचतो. मराठी पत्रं आली की ती आमच्या आवाजात ऐकतो. मनातल्या मनात मी त्याला आमचा आवाज म्हणायला लागलो होतो.

दोनेक वर्षं अशी गेली. मग त्या दूरच्या माणसाची उत्तरं उशिरा यायला लागली. एकदा त्यानं सगळ्यांसाठी एक पत्र टाकलं. लिहिलं होतं की मी थकलोय. रोज पत्रं येतात आणि बहुतेकांत हुकूम असतो. हे का चालत नाही, ते कधी होणार, आमच्या भाषेकडं दुर्लक्ष का. मुलं मोठी होत चालली आहेत आणि माझ्या सुट्ट्या त्यांच्या वाट्याला आलेल्या नाहीत. बऱ्याच भाषांचं काम मला सोडावं लागेल.

ते ऐकून मी उठून बाल्कनीत गेलो. त्याला थकवणाऱ्या पत्रांत एक माझं होतं. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला लिहिलं. या वेळी मॅडमना दाखवलं नाही, इंग्रजी जसं आलं तसं जाऊ दिलं. लिहिलं की तुमच्यामुळं मी पुन्हा नोकरीवर आहे. माझ्या बायकोला तुमच्यामुळं कळलं की तिला भाषेतलं कळतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्याचे शब्द मशीनच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. आमच्या वर्गातल्या तेरा जणांना तुम्ही वाचायला लावलंत. तुम्ही सुट्टी घ्या. मराठीच्या तक्रारी आधी माझ्याकडं येऊ द्या. मी त्या तपासेन, नीट लिहून काढेन, उत्तरं देईन. कोड लिहिणारं माणूस मी शोधतो.

त्याचं उत्तर चार ओळींचं होतं. तेरा जणांची ओळ त्यानं आपल्या बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली, असं त्यानं लिहिलं होतं.

माणूस शोधायला तीन महिने लागले. पुष्कळांनी 'हो बघतो' म्हटलं आणि बघितलं नाही. शेवटी कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनीच त्यांच्या ओळखीतली एक मुलगी सुचवली. हिंजवडीत नोकरी, मारुंजीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहणारी, मूळची कराडकडची. फोनवर मी सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी रोज असलंच कोड वापरून पगार घेते. आजवर एक ओळ परत दिलेली नाही. पण मला हे जमेल का, माहीत नाही."

"मलाही माहीत नव्हतं," मी म्हटलं. "या रविवारी."

ती स्कूटीवरून आली. अंध माणूस कॉम्प्युटर चालवतो हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. मी तिला पडदा बंद करायला सांगितलं आणि एक पत्र उघडून दाखवायला लावलं. पाच मिनिटांत ती घामाघूम झाली. बायकोनं तिला पोहे दिले. मग ती शिस्तीत कामाला लागली. आवाजाच्या मराठी नियमांची फाइल उघडली, एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेली, आणि एका जागी थांबून म्हणाली, "इथं काय सुंदर लिहिलंय! यांना मराठी येत नव्हती ना? प्रत्येक नियमाच्या वर टीप आहे, हे कुणाकडून समजलं म्हणून." तिनं टिपा वाचून दाखवल्या. बऱ्याच टिपांत माझं नाव होतं, एकीत बायकोचं. एकीत लिहिलं होतं, 'देवाच्या शब्दांबद्दल: घरमालकांकडून.'

आबा त्या वेळी गावच्या जत्रेच्या मीटिंगला गेले होते. आल्याबरोबर त्यांना सांगितलं.

त्या मुलीनं पहिलं काम घेतलं अनुस्वाराचं. 'संसार', 'सिंह', 'संशय' या शब्दांवरचं टिंब आवाजाला नीट म्हणता येत नव्हतं. तिला ते समजायला चार रविवार लागले, लिहायला एक. तिनं ते पाठवलं तेव्हा त्या दूरच्या माणसानं दोन चुका दाखवल्या, दोन्ही अगदी नरमाईनं. तिनं सुधारून पुन्हा पाठवलं आणि ते मंजूर झालं. मंजुरी आली तेव्हा ती ऑफिसात होती. तिथून तिनं मला फोन केला. मागं गलका चालू होता आणि ती कुजबुजत होती, "काका, घेतलं त्यांनी. आता जगात कुठंही कुणी मराठी ऐकेल ना, त्यात माझी एक ओळ असेल."

आता ती दर महिन्यात एका रविवारी येते. तिच्या टीममधले दोघं चाचणीला मदत करतात. महाराष्ट्रातून तक्रारी येतात त्या मी घेतो. काही रागाच्या असतात. त्यांना मी सावकाश विचारतो, शब्द कोणता, ऐकू काय आलं, यायला काय हवं होतं. गेल्या महिन्यात नांदेडच्या एका शिक्षिकेनं आकड्यांची तक्रार पाठवली. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद म्हणताना आवाज अडखळतो. आम्ही एक ते शंभर सगळे आकडे पुन्हा तपासायला घेतलेत. बायको म्हणते, मी ऐकते, ती मुलगी लिहिते. काल आम्ही त्रेसष्टपर्यंत पोचलो.